गृहस्थाची बेगमी

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी गृहस्थ ब्राह्मणाच्या उपजीविकेचा विचार चालला असता स्मृतिकाराने एक विलक्षण मोजमाप पुढे ठेवले आहे. घरात धान्य किती शिल्लक असावे, एवढ्या एका गोष्टीवरून त्याने गृहस्थांच्या चार प्रती लावल्या: ज्याचे कोठार भरलेले तो कुसूलधान्यक, ज्याच्याजवळ रांजणभर धान्य तो कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरते ज्याने राखले तो त्र्यहैहिक, आणि ज्याच्या घरी उद्याचे काहीच नाही तो अश्वस्तनिक. कोठार म्हणजे नेमके किती काळाचे धान्य, याविषयी टीकाकारांचे एकमत नाही. परंतु या चौघांत पुढचा पुढचा अधिक श्रेष्ठ, हा निवाडा मात्र स्मृतिकाराने स्वतःच देऊन टाकला आहे. आता पूर, वादळ, दूरदेशीचे युद्ध किंवा वीजजाळ्याचा बिघाड यांची चाहूल लागली असता जो गृहस्थ घरात चार दिवसांचे पाणी, महिन्याभराचे धान्य आणि एक भरलेले जादा सिलिंडर ठेवतो, तो या निवाड्याप्रमाणे धर्माच्या पायरीवरून खाली उतरतो काय? आणि उतरत नसेल, तर ज्या अपरिग्रहाची थोरवी आपल्या सर्व संप्रदायांनी एकमुखाने गाइली, त्याचे त्याच्यापुरते काय करायचे? प्रश्न जुना आहे. परंतु ज्या घरात प्रकाश भिंतीतून, पाणी नळातून आणि अग्नी नळीतून येतो, त्या घराला तो नव्याने विचारणे प्राप्त झाले आहे.

या बाबतीत धर्मग्रंथांचा कौल घेऊ जाणाऱ्याला प्रथम असे दिसते की, त्यांनी दोन्ही बाजूंनी साक्ष दिली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात उद्याची चिंता करू नका असा उपदेश आहे, आणि त्याच शुभवर्तमानात पुढे वराच्या स्वागताला निघालेल्या दहा कुमारींचा दृष्टान्त आहे. त्यांतील ज्या पाच जणींनी दिव्यासाठी जादा तेल बरोबर घेतले त्या शहाण्या ठरल्या आणि ज्यांनी घेतले नाही त्या विवाहमंडपाच्या बंद दाराबाहेर राहिल्या. वाळवंटात इस्राएलांना मिळालेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. परंतु शब्बाथाच्या आदल्या दिवशी तोच दुप्पट गोळा करावा अशी आज्ञा होती आणि तो नासत नसे. पैगंबर महंमद आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे अन्न बाजूला काढून ठेवीत, असा उल्लेख हदीसमध्ये आहे. आणि भाव चढावा म्हणून धान्य दडवून ठेवणाऱ्याचा, म्हणजे इहतिकार करणाऱ्याचा, कठोर निषेधही हदीसमध्येच आहे. यास वरवर पाहणारा विसंगती म्हणेल. परंतु ज्या परंपरांनी शतकानुशतके माणसांची घरे चालताना आणि मोडताना पाहिली, त्यांनी एकच आज्ञा सर्व माणसांना आणि सर्व प्रसंगांना लावली नाही, एवढाच याचा अर्थ आहे.

अश्वस्तनिकाच्या श्रेष्ठत्वाकडे जरा निरखून पाहिले म्हणजे त्याच्या पायाखाली कोणाचे तरी कोठार असल्याचे दिसते. बौद्ध विनयात भिक्षूने अन्नाचा साठा करू नये असा नियम आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही औषधादाखल घेतलेली द्रव्येही सात दिवसांपलीकडे जवळ बाळगण्याची त्याला मुभा नाही. ही निर्ममता थोर आहे यात संशय नाही. परंतु भिक्षूचे पात्र भरते ते ज्या घरात आठव्या दिवसाचेही तूप आहे त्या घराच्या उंबऱ्यावर. माधुकरी मागणारा विद्यार्थी, वारीच्या वाटेवरचा वारकरी, चातुर्मासात एका गावी राहिलेला यती, या सर्वांची निश्चिंतता कोणा एका गृहिणीने चैत्र-वैशाखात केलेल्या कष्टांवर विसावलेली असते. गृहस्थाश्रम इतर आश्रमांचा आधार आहे असे जे स्मृतींनी वारंवार म्हटले, त्याचा ऐहिक अर्थ हाच. सबब ज्याने संसार मांडला, मुले जन्माला घातली, वृद्ध आईबापांचा भार स्वीकारला, त्याने उद्याची तरतूद न करता बसणे हा वैराग्याचा प्रकार ठरत नाही; स्वतःच्या निष्काळजीपणाचे ओझे शेजाऱ्याच्या रांजणावर टाकण्याचा तो एक सभ्य मार्ग होय. समर्थ रामदासांनी प्रपंच नेटका करण्याचा जो आग्रह धरला, त्यामागे प्रपंचाची आसक्ती नव्हती. ज्याचा प्रपंच ढिसाळ त्याचा परमार्थही दुसऱ्याच्या जिवावर चालतो, ही त्यांची व्यवहारी दृष्टी होती.

या पेचातून निघण्याची सर्वांत सुसंस्कृत वाट जैन आचार्यांनी दाखविली आहे. मुनीसाठी त्यांनी अपरिग्रहाचे महाव्रत सांगितले, पण श्रावकासाठी पाचवे अणुव्रत सांगताना परिग्रह-परिमाण हे नाव योजले. म्हणजे गृहस्थाने काहीही बाळगू नये असे न म्हणता, किती बाळगायचे ते आधी ठरवावे आणि ठरविलेली मर्यादा ओलांडू नये, असे बंधन घातले. माणसाची हाव ही नेहमी ‘असावे, कदाचित लागेल’ या मोघम वाक्याच्या आश्रयाने वाढते; संख्या उच्चारली की तिला कुंपण पडते. गृहस्थाची बेगमी आणि अपरिग्रह यांत विरोध आहे तो परिमाण ठरेपर्यंतच.

आपल्याकडील जुन्या घरांत हे परिमाण ऋतूच ठरवून देत असे. कोकणात मृगाचा पाऊस एकदा लागला की वाटा बंद, नद्यांना पूर, होड्या किनाऱ्याला. म्हणून आगोटीच्या आधी भाताच्या मुडी बांधून ठेवणे, आमसुले आणि फणसपोळी वाळविणे, आठळ्या मातीत घोळवून राखणे, सुकी मासळी भरणे आणि सरपण पडवीत रचणे ही कामे घरोघर चालत. गोव्यात याच सुमारास पुरुमेंताची फेस्ते भरतात आणि ख्रिस्ती व हिंदू दोघेही तेथून मिरची, कांदे, सुके बांगडे, चिंच, कोकम अशी पावसाळ्याची शिदोरी बांधून नेतात. देशावर कणग्या शेणाने लिंपून घेतल्या जात, बळदात ज्वारी उतरे, गव्हाला कडुनिंबाचा पाला आणि डाळीला एरंडेल लागे, गोवऱ्यांचे हुडवे पावसाआधी शाकारले जात. आणि सांगलीजवळ हरिपूरला हळद साठविण्यासाठी जमिनीत खणलेली पेवे तर आधुनिक काळापर्यंत नांदली. या सर्व खटाटोपात भीतीचा लवलेश नव्हता. पावसाळा हे संकट नव्हते, तो वर्षाचा एक भाग होता. आणि चार महिन्यांची बेगमी चार महिन्यांतच संपावयाची असल्याने तिला आपोआप अंत होता. दिवाळीला नवे धान्य आले की रिकामी कणगी झटकून पुन्हा लिंपावयाची, हा शिरस्ता संचयाला कुजू देत नसे.

तथापि या चित्राला सोनेरी चौकट बसविण्याचा मोह आवरला पाहिजे. बेगमी होती ती ज्यांच्याजवळ जमीन होती, वेळेवर पैसा होता आणि घरात राबणाऱ्या बायका होत्या त्यांची. सरपणाचा भारा डोक्यावरून आणणाऱ्या बाईच्या स्वतःच्या चुलीत बहुधा काटक्याच जळत; बलुत्यावर जगणाऱ्याच्या घरी कणगी लिंपण्याइतके धान्य सुगीतही राहत नसे; आणि ज्याला गावाबाहेर बसविले त्याला गावाच्या पेवाशी घेणे-देणे होते ते ते उपसण्याच्या मजुरीपुरते. 1876 ते 1878च्या दुष्काळात दख्खनची रयत खडी फोडण्याच्या कामावर कोसळून पडत असताना हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालूच होती. 1943 साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली ती धान्य मुळातच उरले नव्हते म्हणून नव्हे, तर ज्यांना ते हवे होते त्यांच्या हाती ते विकत घेण्याची शक्ती उरली नव्हती म्हणून, हा अमर्त्य सेन यांचा निष्कर्ष सुप्रसिद्ध आहे. कोठाराचे भरलेले असणे आणि माणसांचे जगणे यांच्यामध्ये एक दार असते, आणि त्या दाराची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे यावर सर्व अवलंबून असते.

आता आजच्या घराकडे वळू. या घराची बेगमी घराबाहेर गेली आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाणी अडवून 1915 साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज पोचू लागली, तेव्हापासून शहराचा अग्नी शहरात पेटेनासा झाला. पुढे त्याच विजेच्या विस्तारासाठी मुळशीला धरण बांधू लागले तेव्हा मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 पासून सत्याग्रह केला, तो मोडला, आणि त्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. मुंबईच्या घरातील बटन दाबणाऱ्याला त्या खाचरांचे नावही ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. स्वयंपाकाच्या गॅसची गोष्ट तर याहूनही दूरची आहे. देशात जळणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून येतो, त्याचा फार मोठा हिस्सा पश्चिम आशियातून येतो, आणि तो ज्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून यावा लागतो ती सर्वांत चिंचोळ्या जागी चाळीस किलोमीटरांचीही नाही. सदाशिव पेठेतील वरणाला फोडणी पडण्यापूर्वी इराण आणि ओमान यांच्यामधल्या समुद्रात शांतता असावी लागते. 1973 साली अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि अवघ्या काही महिन्यांत खनिज तेलाचे भाव चौपटीच्या घरात गेले, तेव्हा हे परावलंबन जगाला एकदा दिसले होते. पण माणसाची स्मरणशक्ती पुरवठा सुरळीत झाला की मंदावते.

30 आणि 31 जुलै 2012 या दोन दिवशी उत्तरेचे, आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेचे व ईशान्येचेही वीजजाळे कोसळले आणि सुमारे 60 कोटी लोकवस्तीचा प्रदेश अंधारात गेला. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज काही तासांपुरती गेली आणि लोकलगाड्या जेथल्या तेथे थांबल्या. ऑगस्ट 2019मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, पाण्याचा उपसा करणारी यंत्रेच पाण्यात बुडाली, आणि चहूकडे पाणी असताना शहराच्या नळांना पाणी नव्हते. अशा प्रत्येक प्रसंगी जे उघडे पडले ते केवळ यंत्रणेचे दौर्बल्य नव्हते. विसाव्या मजल्यावरचा सुखवस्तू गृहस्थ, ज्याच्या घरी वस्तूंची दाटी झाली आहे, वीज गेली की एका दिवसात तहानेला येतो, कारण पंप चालत नाही. त्याच्या फडताळात दहा तऱ्हेची भांडी आहेत आणि अग्नी एकच आहे. त्याच्या खिशात पैसा आहे, पण तो यंत्राच्या पडद्यावर आहे आणि पडदा काळा झाला आहे. मनूच्या मोजमापाने हा गृहस्थ अश्वस्तनिक होय. परंतु तो व्रताने अश्वस्तनिक झालेला नाही, केवळ सोयीने झाला आहे. त्याने परिग्रह सोडला नाही, फक्त बेगमी सोडली. सर्वस्वाचा त्याग करणाऱ्याची असहायता त्याच्या वाट्याला आली, पण त्याची निर्भयता आली नाही. आजच्या घराची खरी आध्यात्मिक अडचण मला येथे दिसते. उपभोगात कुबेर आणि आधारात भिकारी, अशी ही अवस्था कोणत्याही आश्रमात बसत नाही.

आणि म्हणूनच संकटाची बातमी येताच हा मनुष्य एका क्षणात दुसऱ्या टोकाला जातो. 24 मार्च 2020च्या रात्री देशभर टाळेबंदीचा हुकूम झाला तेव्हा अर्ध्या घटकेत किराणा दुकानांपुढे जी झुंबड उडाली, तिच्यात वाईट माणसे होती असे नाही. वर्षभर काहीच न राखलेली माणसे होती. बेगमी आणि साठेबाजी यांतील भेद वस्तूंच्या संख्येत जितका आहे त्याहून अधिक तो वेळेत आहे. सुबत्तेच्या दिवसांत घेतलेले दहा किलो तांदूळ बाजाराला जाणवत नाहीत, उलट टंचाईच्या दिवशी रांगेतील एक माणूस कमी करतात. तेच दहा किलो टंचाईच्या दिवशी घेतले तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातून घेतलेले असतात. ज्याने आधी तरतूद केली तो आणीबाणीच्या वेळी बाजारातून बाजूला सरतो आणि ज्याचे पोट हातावर आहे त्याच्यासाठी जागा करून देतो. पूर्वतयारीला नैतिक मूल्य आहे ते मुख्यतः या बाजूला सरण्यामुळे.

तयारी म्हणजे काय, हा विषय तत्त्वचिंतनाला हलका समजण्याचे कारण नाही. ज्या धर्माला रांजण मोजता येतो त्याला सिलिंडरही मोजता आले पाहिजे. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दररोज 7-8 लिटर पाणी धरले, तर चार माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी सुमारे 100 लिटर झाकलेले पाणी पुरते, आणि एवढे बहुतेक घरांत एका पिंपात मावते. धान्य असे ठेवावे की जे आपण रोज खातो. जुने पुढे आणि नवे मागे असा फेर चालू राहिला म्हणजे संचय मृत होत नाही. पोहे, चुरमुरे, सातूचे पीठ, गूळ, शेंगदाणे, खजूर ही तर न शिजविता खाता येणारी आपली जुनीच शिधासामग्री आहे. अग्नीच्या बाबतीत तत्त्व एवढेच की, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन वाटा असाव्यात: गॅस नसला तर विजेची शेगडी, वीज नसली तर गॅस, आणि जेथे अंगण किंवा गच्ची आहे तेथे कोळशाची एक शेगडी; मात्र ती बंद खोलीत पेटविणे प्राणघातक असते हे घरातील लहानमोठ्यांना आधी सांगून ठेवावे. पेट्रोलचे डबे घरात भरून ठेवणे हा बेगमीचा प्रकार नव्हे, तो आत्मघाताचा आहे. घरात मधुमेही असेल तर वापरात असलेले इन्सुलिन साधारण चार आठवडे शीतकपाटाबाहेरही टिकते, पण उन्हाळ्याच्या उकाड्यापासून त्याला जपावे लागते, ही माहिती ज्याच्या डोक्यात आहे त्याच्याजवळ एका यंत्राइतकी तरतूद आहे. रोकड थोडी, विजेरी एक, औषधांची यादी कागदावर, आणि इमारतीत जिने उतरू न शकणारी माणसे कोणत्या घरी आहेत याची माहिती: या शेवटच्या कलमाला पैसा लागत नाही आणि तेच बहुधा कोणाच्या दप्तरी नसते.

परंतु वस्तूंच्या या यादीपेक्षा मोलाची गोष्ट गरजांच्या यादीत आहे. जे. सी. कुमारप्पा यांनी तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात निसर्गाच्या देण्यांचे दोन वर्ग केले: कोळसा आणि खनिज तेल यांसारखे, जे उपसले की संपतात, आणि सूर्य, वारा, वनस्पती, पशू व मनुष्यबळ यांसारखे, जे वापरले तरी पुन्हा वाहत येतात. पहिल्यांवर उभा असलेला संसार हा साठ्यावर जगतो, आणि साठ्यावर जगणाऱ्यांत साठ्यासाठी मारामारी होणे अटळ आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांच्या मंडळींनी रॉकेलऐवजी वनस्पतीतेलावर जळणारा मगनदीप आणि धूर कमी करणारी मगनचूल तयार केली; पुढे पुण्यात डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातील उष्ट्याखरकट्यावर चालणारे लहान गोबरगॅससारखे संयंत्र लोकांपुढे ठेवले. या प्रयोगांनी खनिज तेलाचे साम्राज्य हलले नाही हे खरे. तरीही त्यांतून गृहस्थाला एक गोष्ट शिकता येते. जी गरज आपण हसतमुखाने चार दिवस बाजूला ठेवू शकतो तिच्यासाठी काहीच साठवावे लागत नाही. उकळी आलेले भांडे आचेवरून काढून गोधडीत गुंडाळून ठेवले तर डाळ-भात आतल्या आत शिजतो, हे ज्या घरातल्या मुलांनी एकदा करून पाहिले आहे, त्या घराचे सिलिंडर तेवढेच अधिक दिवस चालते. उपासाचे दिवस, एकभुक्त राहण्याचे दिवस, चातुर्मासातील वर्ज्ये यांना देहदंड समजण्याची रीत पडली आहे. गरजा स्वेच्छेने कमी करून पाहण्याचा तो वार्षिक सराव होता, आणि सराव नसलेल्याला टंचाई दुप्पट बोचते.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. पुरवठ्याची जबाबदारी राज्यसंस्थेची. ती गृहस्थाच्या माथी मारणे म्हणजे शासनाला मोकळे सोडणे नव्हे काय? आणि ज्याच्या घरी आजचे पीठ आज येते, त्याला महिन्याची बेगमी करा म्हणणे ही थट्टा नव्हे काय? दोन्ही आक्षेप मान्य करण्याजोगे आहेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राने इतक्या प्रेमाने जपली ती याच जाणिवेतून: रयत उपाशी मरत असता बादशाही कोठारे बंद होती, पंतांनी ती हुकमावाचून उघडली, आणि परंपरा असे सांगते की त्यांचा हिशेब चुकता करण्यासाठी विठोबाला विठू महार होऊन बेदरच्या दरबारात जावे लागले. सार्वजनिक कोठार बंद राहणे हा देवालाही सहन न होणारा अपराध आहे, एवढी राज्यनीती त्या कथेत आहे. 1943 साली मुंबईत आलेली शिधावाटप पद्धती, 1972च्या दुष्काळात शिधादुकानांतून मिळालेली मिलो, कामावर वाटलेली सुकडी, आणि वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमीची योजना या सर्व त्याच कर्तव्याच्या पूर्ततेच्या वाटा होत्या. त्यांतील मिलोची चव लोकांना आवडली नाही, पण त्या दुष्काळात 1877ची पुनरावृत्ती झाली नाही. घराची बेगमी या सार्वजनिक कोठाराची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊ नये. मात्र सरकारी यंत्रणा पोचेपर्यंतचे पहिले दोन-तीन दिवस नेहमी शेजाऱ्यांचेच असतात. ते दिवस कोणत्याही कायद्याने दुसऱ्या कोणाच्या नावे लिहून देता येत नाहीत.

उलट, सार्वजनिक कोठारही निष्पाप असतेच असे नाही. इजिप्तमध्ये योसेफाने सुबत्तेच्या सात वर्षांत धान्य साठविले आणि दुष्काळाच्या सात वर्षांत लोकांना वाचविले, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा दूरदृष्टीचा आदर्श म्हणून नेहमी सांगितली जाते. परंतु त्याच कथेच्या शेवटी लोकांनी धान्याच्या बदल्यात प्रथम पैसा, मग गुरे, मग जमिनी आणि अखेर स्वतःचे देह फारोला विकले, हे सांगण्याचे बहुधा राहून जाते. साठा ज्याच्या हाती तो दाता होतो की धनी होतो, हा प्रश्न योसेफाच्या कोठाराला लागू आहे तसाच तो संपूर्ण अंधारलेल्या वस्तीत एकट्याच जनरेटरच्या घरघराटात बसलेल्या बंगल्यालाही लागू आहे.

राहिला श्रद्धेचा प्रश्न. तरतूद करणारा देवावर अविश्वास दाखवितो, असे काही भाविकांना वाटते. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थयात्रांत आणि दानधर्मात होते नव्हते ते वेचले, आणि 1874च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात ते व त्यांची पत्नी अन्नावाचून गेली. ज्या मुलीने हे डोळ्यांनी पाहिले, तिने पुढे 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली केडगावला आणल्या, आणि तेथे केवळ प्रार्थनामंदिर न बांधता विहिरी खोदल्या, शेती केली, माग लावले, छापखाना उभारला. तिची श्रद्धा वडिलांपेक्षा उणी नव्हती. तिने ईश्वरावरच्या भरवशाला विहिरीची जोड दिली. याउलट तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते, तरी 1630च्या दुष्काळात बायको अन्न अन्न करीत गेली आणि दिवाळे निघाले; पुढे त्यांनी आपल्या वाटणीची खते इंद्रायणीत बुडविली. तरतुदीला सीमा असते आणि सर्व रांजण फुटण्याचा दिवसही येऊ शकतो, हे त्यांच्या चरित्रावरून शिकावे. जो मनुष्य मृत्यूलाही बाहेर ठेवता येईल एवढ्या इच्छेने कोठार भरतो, त्याचे परिमाण कधीच पुरे होत नाही. ज्याने आपल्या सामर्थ्याची हद्द ओळखली, त्यालाच महिन्याभराच्या धान्यावर समाधानाने झोप येते.

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत या सर्व चर्चेचा सांधा मला सापडतो. तेथे अन्न पुष्कळ मिळवावे हे एक व्रत म्हणून सांगितले आहे, आणि लगेच पुढे, घरी वस्तीला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये हे दुसरे व्रत सांगून, म्हणूनच वाटेल त्या रीतीने पुष्कळ अन्न मिळवावे, असा त्यांचा संबंध जोडला आहे. ऋषीने संचयाला अतिथीच्या अधीन ठेवले. ज्या बेगमीच्या हिशेबात घराबाहेरचे एकही माणूस धरलेले नाही, ती परिमाणात कितीही लहान असली तरी परिग्रहच होय. आणि जिच्यात ते धरलेले आहे, तिने कुसूल भरला तरी अपरिग्रहाला बाध येत नाही. म्हणून यंदा पावसाळ्यापूर्वी गृहस्थाने तांदळाचा डबा भरताना घरातील माणसे मोजावीत, त्यांत वरच्या मजल्यावरची एकटी राहणारी वृद्धा, इमारतीचा रखवालदार आणि धुण्याभांड्याला येणारी बाई आपल्या मुलांसह मिळवावी, आणि मग जी संख्या येईल तेवढेच धान्य आणावे. त्याहून कमी नव्हे, आणि अधिकही नव्हे.